कायमचा पत्ता, वेळशेत

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

इकराला माझ्याकडून पत्र हवंय! पोरीने सात महिन्यांत स्वतःहून केलेला पहिला फोन, आणि तो पत्रासाठी. व्हॉट्सअॅपवरचं नाही, कागदावरचं, सहीचं. "अम्मी, तुझ्या हातचं. मराठीत चालेल. इथे ट्रान्सलेट करून घेतात."

कशाबद्दल, विचारलं. मागे सायकलची घंटा वाजली. हॉलंडमध्ये म्हणे सगळे सायकलीच चालवतात. मग म्हणाली, "मी असायलम मागितलंय. गेल्या जूनमध्ये. मला परत पाठवू नका, म्हणून. रीझन तुला माहितीय."

माहितीय. वहीत तरी लिहावं — माझ्या मुलीला मुलगी आवडते. अदिबा, तिच्या वर्गातली. आता ती लग्न होऊन रियाधला गेली, पण तेवढ्याने इकरा बदलत नाही. लिहिलं बघ. आभाळ काही कोसळलं नाही. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसतेय, रोज दिसते तशी.

रफीकला इकरा "पेपर्स चालू आहेत" एवढंच सांगते. मीही तेवढंच. (तोंडावर नवऱ्याचं नाव घेत नाही मी. वहीत घेते. वहीत मी भलतीच धीट!) ही वही त्याच्याच प्लांटची — दरवर्षी मिळते, प्रत्येक पानावर दोन तारखा, इंग्रजी आणि हिजरी. लिहून झाली की शिवणाच्या पेटीत, अस्तराच्या कापडाखाली. असलं काही इथे सौदीत, यान्बूत लिहून ठेवणं शहाणपणाचं नाही, कळतं मला. पण न लिहून कुठे ठेवू?

५ जानेवारी

स्वप्न. वेळशेतचं, आमच्या गावचं घर इथल्या समुद्रात उभं. पाणी इतकं निवळ की कौलं दिसत होती. मी दाराशी गेले. कडी बाहेरून लावलेली.

११ जानेवारी, शनिवार

इकराने आज सगळं समजावून सांगितलं. मी तीनतीनदा विचारलं, तरी चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं, माझी वाटली असती.

पहिली मुलाखत डिसेंबरात झाली. सहा तास. विचारणारी बाई चांगली होती म्हणे, मधूनमधून पाणी देत होती. इकराने सांगितलं, मी यान्बूत जन्मले, एकोणीस वर्षं तिथे राहिले, तिथे हा गुन्हा आहे. बाई म्हणाली, खरंय, पण पासपोर्ट इंडियाचा आहे. आम्ही बघणार ते इंडियात गेलीस तर काय होईल ते. आणि तिथे कोर्टाने हा गुन्हा केव्हाच काढून टाकलाय.

आणि सौदीत तिला कोणी पाठवतच नाहीये. यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. ती मुदतीत परत आली नाही, इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, खलास. समोरच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात जन्मलेली पोर, आता इथे आली तर उमऱ्याच्या व्हिसावर, पाहुणी म्हणून!

पण खरी गंमत पुढेच. फॉर्मवर एक रकाना होता — कायमचा पत्ता. पोरीने काय भरावं? घर नंबर २१४, मोहल्ला, मु. पो. वेळशेत, जिल्हा रायगड. का? तर अब्बाने शिकवलंय! बालवाडीच्या फॉर्मपासून प्रत्येक कागदावर रफीक तिच्या हातून हेच लिहून घ्यायचा. "आपण हितं कामाला आलोय. कायमचं घर गावात." इथल्या आमच्या सगळ्या लोकांची हीच रीत. तिथे राहत कोणी नाही, तरी पत्ता तिथला.

त्या घरात आम्ही वर्षाआड चाळीस दिवस असतो. एरवी कुलूप. किल्ली माझ्या मोठ्या दिरांकडे, जमालुद्दीनभाईंकडे. तेच दर महिन्याला दार उघडून वारा घालतात.

तर ती बाई म्हणाली, तुमचं कायमचं घर आहे, शेजारी काका आहेत. तिथे जायला काय हरकत? तिथे नको तर मुंबई आहे, पुणं आहे.

मुंबईत जमालुद्दीनभाईंचा माणूस नाही असा एक मोहल्ला दाखवा म्हणावं. इकरा मशीद बंदरला उतरली तर संध्याकाळच्या आत वेळशेतला बातमी.

"म्हणून पत्र हवंय, अम्मी," इकरा म्हणाली. "त्या घरात काय झालं ते लिही. ओन्ली दॅट."

ओन्ली दॅट!

१९ जानेवारी

पत्र लिहिलं. दीड पान. फोटो काढून पाठवला. इकराचा लगेच फोन, आणि चक्क हसत होती. "अम्मी, माझी मुलगी अतिशय गुणी, नम्र, बारावीत एक्याऐंशी टक्के... हे तर स्थळासाठी लिहिल्यासारखं झालंय."

मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी दोघी एकाच गोष्टीला हसलो. मग ती म्हणाली, दुसरं लिही.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुपारनंतर रफीक समुद्रावर घेऊन गेला. थर्मासमध्ये चहा, चटई. थंडीत इथला समुद्र झोपलेला असतो, लाट येते तीही पाऊल न वाजवता. दूरवर जहाजं उभी होती आणि ती हलतायत की मीच हलतेय ते कळेना. डोळे मिटले की उन्हाचा लाल रंग, उघडले की सगळं पांढरं. वाटलं, असंच पडून राहावं. कोणी काही विचारू नये.

तो विचारतही नाही म्हणा. सव्वीस वर्षं खाऱ्या पाण्याचं गोडं करायच्या प्लांटवर मीटर बघतोय. काटा हलला तर वर सांगायचं, नाहीतर गप्प. घरातही तसाच.

"इकराच्या गावात समुद्र हाय का गो?" एवढंच म्हणाला.

"आहे. पण गार आहे म्हणते."

"गार तर गार," म्हणाला, आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

किती साधा माणूस. ह्याला कळलं तर ह्याचं काय होईल? इकराचं गुपित नाही म्हणत मी. माझं.

९ फेब्रुवारी

दुसरं पत्र पाठवलं होतं. ह्यात लिहिलं होतं — गाव जुन्या वळणाचं आहे, जमालुद्दीनभाई तापट आहेत, २०२२ च्या सुट्टीत मुलीला घरात कोंडून ठेवण्यात आलं, पुढे तिची मर्जी नसताना तिचं लग्न ठरवण्यात आलं.

आज इकरा म्हणाली, "वकील बाई विचारते, कोंडलं कोणी?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे कोणी, अम्मी?"

गॅसवर तेल तापतंय म्हटलं आणि फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

१२ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. माझाही नाही.

१ मार्च, पहिला रोजा

दुपारी तीननंतर यान्बू बुडाल्यासारखं शांत असतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नमाजाच्या चटईवर, जानमाजवरच डोळा लागला.

घर पुन्हा समुद्रात. ह्यावेळी आत शिरता आलं. खिडक्यांतून पाणी आत-बाहेर करत होतं, पडदे हलत होते. ओट्यावर मिक्सर चालू. वायर कुठेच लावलेली नव्हती, तरी चालू. आत बघितलं तर भांडं रिकामं. मी बटण दाबतेय, दाबतेय, बंदच होईना. आणि त्याच्या आवाजामागे कोणीतरी फार लहान आवाजात हाक मारत होतं. कोणाला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा तोंडाला कोरड. आज अर्थात पाणीही पिता येत नव्हतं.

९ मार्च, रविवार

आज लिहिते. रोज्याच्या तोंडाने खोटं लिहवणार नाही. आधी इथे लिहिते, जमलं तर उद्या पत्रात.

जून २०२२. वेळशेत. रफीकला सुट्टी नव्हती, तो यान्बूतच होता. मी आणि इकरा दोघीच. ती अठराची. ती अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. अदिबाचा मेसेज, सोबत फोटो. दोघी शाळेच्या गच्चीवर. वाईट असं त्यात काहीच नव्हतं. फक्त इकरा हसत होती. माझ्याकडे बघून ती असं कधी हसली नाही. खालचा मेसेज वाचला, मग वरचे सगळे वाचले. मला राग आला त्यातलं अर्धं कारण दीन-धर्म, लाज, लोक वगैरे. उरलेलं अर्धं ते हसणं. हे आजच कळलं, लिहिता लिहिता.

तिला मागच्या खोलीत ढकललं. तांदळाचे डबे आणि सौदीहून आणलेल्या खजुराचे खोके असतात ती खोली. बाहेरून कडी लावली. मी लावली. हाजरा रफीक, वय तेव्हा सेहेचाळीस. पासपोर्ट माझ्या ट्रंकेत. जमालुद्दीनभाईंना बोलावलं, तेही मीच.

रफीकचा फोन रोज सहाला यायचा. रिंग वाजली की ती आतून दार बडवायची. मग मी मिक्सर लावायची. पहिल्या दिवशी चटणी वाटली, दुसऱ्या दिवशी खोबरं. नंतर वाटायला काही उरलं नाही, तर रिकामाच फिरवला. "इकरा कुठाय?" "झोपलीय. ताप आहे जरा."

चौथ्या दिवशी लाइट गेली. फोन आला तेव्हा मिक्सर चालेना. मी फोन घेऊन पळत अंगणात, पार विहिरीपर्यंत गेले. तेवढ्यात तिने खिडकीचा कुजलेला गज काढला. रस्त्यावरच्या पोलीस चौकीपर्यंत अनवाणी गेली. तिथे हवालदाराला सांगितलं, हे लोक मला कोंडतात, जबरदस्तीने लग्न लावतील, मारतीलही. त्याने काय केलं? जमालुद्दीनभाईंना फोन. आम्ही दोघं गेलो. हवालदार हसून म्हणाला, "आईच्या घरी कसली आलीय भीती?" मी त्याला खजुराचा डबा दिला. सुट्टीला गेलो की आम्ही सगळ्यांनाच देतो ना, तसा. "पोरीला सांभाळा," म्हणाला. तिचं मनगट मी धरलं होतं. घरी पोचेपर्यंत माझी नखं उमटली होती.

त्या संध्याकाळी जमालुद्दीनभाई माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले, "पुन्हा पळाली तर परत आणायची नाय. संपवायची." आवाज चढवून नाही. दाराला रंग कोणता लावायचा हे सांगावं तसं.

आणि मी विचारलं, चहात साखर किती घालू?

आणखी सात दिवस. अकराव्या दिवशी आतून म्हणाली, "करते लग्न. उघड." जमालुद्दीनभाईंच्या मेहुणीच्या मुलाशी, हाशमशी, बोलणं पक्कं झालं. आम्ही यान्बूला आलो. शिकून आल्यावर लग्न, असं जमालुद्दीनभाईंना मीच पटवलं आणि हॉलंडला जाऊ दिलं. तेवढं एक चांगलं केलं मी. पण त्या अकरा दिवसांबद्दल तिला एक शब्द बोलले नाही. गेल्या मेमध्ये हाशमच्या घरच्यांनी तारीख काढली. कळवायला फोन मीच केला. तिने ऐकून घेतलं आणि ठेवला. या जानेवारीपर्यंत तोच आमचा शेवटचा.

हात दुखतोय. इफ्तारला फळंही चिरलेली नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

पत्र झालं. साडेतीन पानं. कडी कोणी लावली, डबा कोणी दिला, चहा कोणी दिला, सगळं. ती परत गेली तर काय होईल तेही. शेवटी लिहिलं, इकराने जी भीती सांगितली आहे ती खरी आहे, कारण तीत मी होते.

इकराला वाचून दाखवलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "चहाचं मला माहीत नव्हतं."

तिच्याकडे पाऊस असावा. ठेवताना म्हणाली, "अम्मी, एक साक्षीदार लागेल. तुला ओळखणारा. सही, आणि सोबत इकाम्याची कॉपी."

साक्षीदार! यान्बूत! ह्या पत्रावर! शेजारची स्वप्नाली नर्स आहे, मनाने चांगली आहे, पण तिची नोकरी गेली तर? कोणाच्या हातात देऊ ही साडेतीन पानं?

एकच माणूस आहे.

२१ मार्च, शुक्रवार

सात दिवस पत्र पेटीत पडून. इकराची पुढची मुलाखत मेमध्ये. कागद त्याच्या आत पोचायला हवा. मी नाही दिलं तर बाई म्हणणार, कायमचं घर आहे, जा.

दुपारी रफीक कुराण वाचून उठला तेव्हा पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "इकराच्या पेपर्समधलं आहे. वाचा." एवढंच म्हणवलं. तो उर्दू शाळेतला, मराठी वाचतो ते अक्षराखाली बोट फिरवत. पहिल्या चार ओळींना पाच मिनिटं लागली. मग त्याने घडी घातली, खिशात ठेवली आणि ड्यूटीला गेला.

तेवीस वर्षांचा संसार त्या खिशात. तलाक देईल? देऊ दे. मी भीत नाहीये असं नाही. फार भीतेय. पण परत मागणार नाही.

२५ मार्च

जेवतो. मीठ कमी आहे तेही सांगत नाही.

२७ मार्च

घराचं स्वप्न. मी आत, खोक्यांच्या खोलीत. कडी बाहेरून. पाणी गुडघ्यापर्यंत, कोमट, छान. मला बाहेर यायचंच नव्हतं.

३० मार्च, ईद

ईदच्या नमाजहून आला. नवा पांढरा सदरा, अत्तर. मी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. ती घेतली नाही. खिशातून पत्र काढून ओट्यावर ठेवलं. मिक्सरच्या शेजारी, कारण तेवढीच जागा रिकामी होती.

माझ्या सहीखाली त्याचं अक्षर. वाकडंतिकडं मराठी, पहिलीतल्या पोराचं असावं तसं. किती दिवस लागले असतील! जसं आहे तसं उतरवून घेते:

"मी रफीक, इकराचा बाप. मी यान्बूत होतो. रोज फोनला मिक्सर वाजायचा. मिक्सरच्या मागे दार वाजायचं. मला ऐकू यायचं. चौथ्या दिवशी मिक्सर नव्हता. ती अब्बा म्हणून ओरडत होती. मी विचारलं नाही. नंतर पण विचारलं नाही."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस माझ्या हातची चटणी खातोय आणि त्याला माहीत होतं. आणि मी त्याच्यापासून लपवत होते. संताप आला, आणि त्याच वेळी असं सुटल्यासारखं वाटलं की मी ओट्याला धरून खालीच बसले. तोही शेजारी बसला, नव्या सदऱ्यासकट, फरशीवर.

"सही कुठं करू गो?" म्हणाला.

६ एप्रिल

पाठवलं. दोघांच्या इकाम्यांच्या कॉप्या जोडून. प्लांटवरचे एकजण सुट्टीला निघालेत, ते मुंबईतून कुरिअर करतील. पाकिटात काय आहे ते त्यांना माहीत नाही. वरून मी त्यांना खजुराचा डबा द्यायला निघाले होते. दारातून परत फिरले, डबा ठेवला आणि नुसतं शुक्रिया म्हणून आले.

२ जून

मुलाखत झाली. आता वाट बघायची. जमालुद्दीनभाईंचा फोन होता, सुट्टीला कधी येताय, घर उघडून ठेवतो. रफीक म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच राहू दे, भाई. आम्ही येत नाय." त्यांना वाटलं ह्या वर्षी. आम्ही काही समजावलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मिळालं! पाच वर्षं राहता येईल. निकालाचा कागद इकराने फोनवर मराठीत करत, अडखळत वाचून दाखवला — अर्जदाराला तिच्या आईपासून आणि काकापासून वाटणारी भीती खरी आहे असं आम्ही मानतो.

मी म्हटलं, बरोबर लिहिलंय.

"हो," ती म्हणाली. कागद घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अम्मी, तू कधी येतेस?"